नव्या घरात कोणाला जागा?

(वाचने : यिर्मया ३२:६-१५, लूक १९:१-१०)



परतूरच्या आसपास शेतांचे प्लॉट पडत आहेत. आपल्यातील कुटुंबे एकामागून एक स्वतःच्या घरात राहायला जात आहेत. कोणी प्लॉट घेऊन दोन खोल्या उभ्या करतो, कोणी बांधलेले घर विकत घेतो, कोणाला घरकुल मंजूर होते. घर झाले की निरोप येतो, "फादर, घराला आशीर्वाद द्यायला या." हा निरोप ऐकला की मनापासून आनंद होतो. भाड्याच्या खोलीत पाणी किती भरायचे, पाहुणे किती ठेवायचे हे दुसरा ठरवतो. स्वतःच्या घरात लेकरू भिंतीवर रेघोट्या मारते तेव्हा आई रागावते, पण मालकाची भीती नसते. हे सुख लहान नाही.

आज मला अशाच एका घराविषयी बोलायचे आहे. नावे सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांची आहे.

एका घराचा आशीर्वाद

नवराबायको दोघांनी बारा हंगाम ऊसतोडणी केली. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घ्यायची, कोयता बांधायचा आणि कारखान्यावर जायचे, ते उन्हाळा लागल्यावरच परत यायचे. लेकरांची शाळा बुडू नये म्हणून ती गावाकडे आजीजवळ राहिली. उचल फिटली, थोडी शिल्लक पडली, पुढे त्यांनी तोडणी सोडून छोटा धंदा सुरू केला, आणि काही कर्ज काढून शहरालगत तीन खोल्यांचे घर विकत घेतले. स्लॅबचे घर, खाली फरशी, स्वयंपाकाला ओटा, दाराला नवा रंग. ती बहीण मला प्रत्येक नळ उघडून दाखवत होती. जिने बारा वर्षे फडात पाण्याचा हंडा वाहिला, तिला नळाचे कौतुक का वाटू नये?

प्रार्थना झाली. मी पवित्र पाणी शिंपडत पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेलो, तिथून मागच्या खोलीकडे. ती खोली रिकामी होती. "ही भाड्याने द्यायचीय, फादर. हप्त्याला हातभार लागंल," घरधनी म्हणाला. मी विचारले, "आजी कुठे आहेत?" क्षणभर कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "माय गावाकडंच हाय. तिला हितं करमत न्हाई."

मी पुढे काही विचारले नाही. पाणी शिंपडले, जेवलो, आणि निघालो. पण वाटेत एक गोष्ट मनाला टोचत राहिली. १९८४ साली ख्रिस्तसभेने आशीर्वादांच्या विधींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात घरांच्या आशीर्वादाविषयी एक साधी सूचना आहे. घरात राहणारी माणसे हजर नसताना घराला आशीर्वाद देऊ नये. कारण आशीर्वाद विटांना नसतो, माणसांना असतो. मी विधी नीट पार पाडला होता. पण ज्या माउलीने बारा हंगाम नातवंडे सांभाळली, आणि म्हणून ज्या घराची पहिली वीट खऱ्या अर्थाने तिने रचली, ती तिथे नव्हती. आणि तिला इथे करमेल की नाही, हे तिला कोणी विचारले होते का, हे मी विचारले नव्हते.

बंधुभगिनींनो, नव्या घरात जाताना आपण सामान कुठे ठेवायचे याचा खूप विचार करतो. कपाट कुठे, टीव्ही कुठे, पलंग कुठे. या घरात कोणाला जागा आहे, हा प्रश्न मात्र राहून जातो. आजच्या शास्त्रवचनांच्या उजेडात तोच प्रश्न आपण स्वतःला विचारू या.

खरेदीखत आणि विश्वास

पहिल्या वाचनात यिर्मया संदेष्टा जमीन खरेदी करतो. काळ कसा होता? बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि यिर्मया स्वतः पहाऱ्याच्या आवारात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथचे शेत घ्यायला सांगतो. शहाणा माणूस म्हणाला असता, शत्रू दारात आहे, आता शेत कशाला? पण देवाच्या सांगण्यावरून यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत लिहितो, त्यावर मोहर करतो. एक मोहरबंद आणि एक उघडी, अशा दोन्ही प्रती बारूखाकडे देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील.

दुय्यम निबंधक कार्यालयात ज्यांनी अंगठा आणि फोटो देऊन दस्त नोंदवला आहे, त्यांना हे वाचन परके वाटणार नाही. साक्षीदार, सही, प्रत, जपून ठेवणे, सगळे तेच. पण यिर्मयाने तो कागद जपून ठेवला तो आपल्या मालकीच्या अभिमानापोटी नव्हे. या देशात लोक पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतील, असे वचन देवाने दिले होते. त्या वचनाची ती खूण होती.

आपल्याही कपाटात ते खरेदीखत आहे. त्याकडे पाहताना आठवण ठेवू या की हा कागद विश्वासाचा आहे. बँकेचा हप्ता वीस वर्षांचा असतो. पुढच्या वर्षी पाऊस पडेल की नाही, कापसाला भाव मिळेल की नाही, हे आपल्याला ठाऊक नसते, तरी आपण सही करतो. स्तोत्रकर्ता १२७ व्या स्तोत्रात हेच बजावतो की देवाचा हात नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम फुकट जातात. म्हणून सही करताना जो विश्वास दाखवला, तो हप्ता भरतानाही टिकवावा लागतो. आशीर्वादाच्या जेवणासाठी आणखी कर्ज काढणे, मांडव आणि पत्रिका यांवर वर्षभराचे हप्ते घालवणे, हा विश्वास नव्हे. चहा आणि प्रार्थना पुरेशी आहे. लोक नावे ठेवतील तर ठेवू द्या. हप्ता ते भरणार नाहीत.

जक्कयाच्या घरातला हिशेब

शुभवर्तमानात प्रभू येशू यरीहो शहरातून जात आहे. जक्कय श्रीमंत आहे, जकातदारांचा मुख्य आहे, आणि ठेंगणा असल्यामुळे झाडावर चढला आहे. प्रभू वर पाहून त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्याच घरी उतरायचे आहे असे सांगतो. प्रभू आमंत्रणाची वाट पाहत नाही. लोक कुरकुर करतात, कारण ते घर कोणाच्या पैशावर उभे आहे हे गावाला ठाऊक असते.

प्रभू घरात आल्यावर जक्कय काय करतो? तो आपले घर किती सुंदर आहे हे दाखवत बसत नाही. तो उभा राहतो आणि हिशेब मांडतो. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत. त्यानंतरच प्रभू म्हणतो की आज या घराला तारण लाभले आहे. म्हणजे प्रभू घरात आला की आधी हिशेब चोख होतो.

आपण आपला हिशेब तपासू या. गावची जमीन विकून शहरात घर घेतले असेल, तर बहिणींचा वाटा दिला का? आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्या कायद्याने मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. पण कागदावर हक्कसोड लिहून घेतली जाते, बहिणीला साडीचोळी करून परत पाठवले जाते, आणि आपण म्हणतो, तिने राजीखुशीने सही केली. खरोखर राजीखुशीने केली असेल तर प्रश्न नाही. पण माहेर तुटेल या भीतीने केली असेल, तर त्या सहीवर उभ्या राहिलेल्या घरात प्रभूला बोलावताना आपला आवाज मोकळा निघेल का?

दुसरा हिशेब घरधनिणीचा. खरेदीखतावर तिचे नाव आहे का? नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे वर्णन आहे. ती शेताची पाहणी करून ते विकत घेते आणि आपल्या कमाईतून मळा लावते. हे वचन हजारो वर्षांपूर्वीचे आहे. आपल्या राज्यातही १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर महिलेच्या नावावर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. प्रधानमंत्री आवास योजनेतही घर महिलेच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर असण्यावर भर दिला आहे. पैसे वाचतात म्हणूनच नव्हे, तर न्याय म्हणून हे करावे. जिने कोयता धरला, तिचे नाव कागदावर असावे.

आठवण विसरू नका

अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना एक इशारा देतो. चांगली घरे बांधून त्यांत राहू लागाल, पोट भरेल, गुरेढोरे वाढतील, तेव्हा मन उन्मत्त होऊ देऊ नका. ज्या देवाने तुम्हाला दास्यातून बाहेर काढले त्याला विसरू नका.

आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची घरे गावकुसाबाहेर होती. विहिरीला हात लावायची मुभा नव्हती, मग गावात जागा कुठली? आज आपण खरेदीखत करून हव्या त्या गल्लीत घर घेतो, ही एका पिढीची कमाई नाही. जालना शहराजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती वसवली. ते स्वतः ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून जालन्यात आले. त्या काळी आपला भाग निजामाच्या राज्यात होता. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी मातंग आणि महार समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना तिथे स्वतःचे गाव दिले. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण त्यांच्या या कामाबद्दल आपण देवाचे आभार मानलेच पाहिजेत.

त्या वस्तीला त्यांनी नाव दिले बेथेल, म्हणजे देवाचे घर. हे नाव उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायातले. याकोब घरातून पळालेला, डोक्यावर छप्पर नाही, उशाला धोंडा. त्या रात्री स्वप्नात त्याला देवाचे दर्शन झाले, आणि सकाळी त्याने त्या जागेला देवाचे घर म्हटले. ज्याच्याजवळ घर नव्हते, त्याला देवाचे घर सापडले. आपण गावकुसाबाहेरून आलो हे विसरलो, तर नव्या कॉलनीत आपणही दुसऱ्याचे आडनाव विचारून भाडेकरू ठेवू लागू. असे होऊ देऊ नका.

उंबरठ्यावरची भीती

नव्या घरात आणखी एक पाहुणा न बोलावता येतो. तो म्हणजे भीती. घरात आल्यावर लेकरू आजारी पडले, धंदा बसला, की कोणीतरी सांगते, दाराची दिशा चुकली, वास्तुदोष आहे. मग दारावर लिंबू-मिरची, गच्चीवर काळी बाहुली, आणि त्याच चौकटीवर क्रूस. हे पाहून वाईट वाटते, पण राग येत नाही. ज्याने आयुष्याची कमाई घालून घर घेतले, त्याला ते गमावण्याची भीती वाटणारच.

पण नीट लक्षात घ्या. क्रूस हा लिंबू-मिरचीसारखा तोडगा नाही आणि पवित्र पाणी म्हणजे वास्तुदोषावरचे औषध नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू दोन घरांची गोष्ट सांगतो. एक खडकावर बांधलेले, दुसरे वाळूवर. पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखेच आले. जो प्रभूचे शब्द ऐकून त्याप्रमाणे वागतो त्याच्या घरावर वादळ येत नाही, असे प्रभूने म्हटलेले नाही. ते घर पडत नाही, असे म्हटले आहे. म्हणून लेकरू आजारी पडले तर आधी डॉक्टरकडे जा, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणा. येशूहृदयाची तसबीर पुढच्या खोलीत लावा, ती या घराचा राजा कोण आहे याची आठवण म्हणून लावा. मग तिच्यासमोर शिवीगाळ आणि दारू शोभेल का, हा विचार आपोआप मनात येईल.

गच्चीचा कठडा

पवित्र शास्त्रात नव्या घराविषयी एक आज्ञा आहे, ती आपल्याकडे क्वचितच वाचली जाते. अनुवाद २२:८ मध्ये सांगितले आहे की नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर त्याचा दोष तुझ्या घराला लागेल.

किती व्यवहारी आहे आपला देव! मराठवाड्यात उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो. संक्रांतीला पोरे गच्चीवर पतंग उडवतात. पैसे संपले म्हणून कठड्याचे काम पुढच्या वर्षावर ढकलले जाते. देव म्हणतो, आधी कठडा. पुढच्या खोलीला महाग फरशी नसली तरी चालेल. कारण फरशी आपल्यासाठी असते आणि कठडा शेजारच्या लेकरासाठीही असतो. आपल्या घरामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये, ही जबाबदारी खरेदीखताबरोबरच आपल्याकडे येते. सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात जाते का, हाही कठड्याचाच प्रश्न आहे. रात्री आपल्या टेपचा आवाज त्याच्या आजाऱ्याला त्रास देतो का, हाही.

घर बसायला वेळ लागतो

काही जण म्हणतात, फादर, घर चांगले आहे, पण मन लागत नाही. शेजारी कोण ते माहीत नाही, रात्री झोप येत नाही. त्यांना मी सांगतो, घाबरू नका, घर बसायला वेळ लागतो.

मराठवाड्याने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पक्की घरे झाली, सरळ रस्ते झाले. तरी लोकांना तिथे रुळायला वर्षे लागली. जुन्या गावात घरे भावकीच्या ओळीने होती, मध्ये बसायला जागा होती, गुरांना गोठा होता. नव्या गावात हे सगळे विस्कटले. कित्येकांनी नव्या घरासमोर पत्र्याचे शेड घातले आणि दिवसाचा बराच वेळ तिथेच काढला. सरकार घर देऊ शकते, बँक कर्ज देऊ शकते. शेजार मात्र आपल्यालाच उभा करावा लागतो.

बाबेलला बंदिवासात गेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहिले, ते २९ व्या अध्यायात आहे. ते लोक परक्या गावात होते, मन माघारी ओढत होते. संदेष्टा त्यांना सांगतो, तिथे घरे बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांची फळे खा, आणि ज्या नगरात देवाने तुम्हाला नेले त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा; कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे.

म्हणून नव्या गल्लीत गेलात की पहिल्याच आठवड्यात चार घरी जाऊन या. ते कोणत्याही धर्माचे असोत. नाताळाला करंज्या द्या, त्यांच्या ईद-दिवाळीला त्यांच्या घरी जा. कोणाकडे मयत झाली तर पहिल्यांदा तुम्ही पाण्याची कळशी घेऊन जा. आपण ख्रिस्ती आहोत हे दारावरच्या क्रूसावरून कळण्याआधी आपल्या वागण्यातून कळू द्या.

रिकामी खोली

आता मी त्या घराकडे परत येतो. त्या दिवशी मी गप्प राहिलो, ही माझी चूक होती. काही दिवसांनी तो बंधू मिस्सेला आला, तेव्हा मी त्याला बाजूला घेतले आणि विचारले, मायला खरेच करमत नाही का? तो बराच वेळ खाली पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "तिला इचारलंच न्हाई, फादर. खोली भाड्यानं गेली तर हप्ता सुटतो, एवढंच डोक्यात व्हतं."

मी त्याला दोष देऊ शकलो नाही. हप्ता खरा होता. माझ्याजवळ त्याला द्यायला पैसे नव्हते. मी एवढेच म्हणालो, "एकदा विचारून तर पाहा." पुढे काय झाले ते त्याच्याच घरी जाऊन पाहिले. मागची खोली भाड्याने गेली आहे. पण पुढच्या खोलीत हप्त्यावर सोफासेट घ्यायचा बेत होता, तो त्यांनी सोडून दिला. तिथे आजीची बाज आहे. आजी गावाहून येताना पाटा-वरवंटा आणि दोन कोंबड्या घेऊन आली. कोंबड्यांवरून सुनेशी कुरबुर होते. मधूनच तिला गावाची ओढ लागते, चार दिवस जाऊन येते. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. पण ती दिवसभर दारात बसते, आणि वर्षभरात त्या कुटुंबाला जेवढे शेजारी ओळखीचे झाले नव्हते तेवढे तिला महिन्यात झाले. संध्याकाळी जपमाळ तीच सुरू करते. त्या घराचा आशीर्वाद मी दिला तेव्हा अर्धाच झाला होता. ती आली तेव्हा तो पुरा झाला.

सर्वच म्हाताऱ्यांनी शहरात यावे असा याचा अर्थ नाही. काहींचे मन खरोखर गावातच रमते, आणि त्यांना तिथेच राहू देणे हाही मान आहे. पण "करमत नाही" हे त्यांनी म्हणायचे असते, त्यांच्या वतीने आपण नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा आणि वृद्धजनांचा जागतिक दिन सुरू केला, तो प्रभू येशूचे आजी-आजोबा संत योआकीम आणि संत अन्ना यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ. वर्षातून एक दिवस हार घालण्यासाठी तो दिवस नाही. घरात त्यांची बाज कुठे आहे, हे पाहण्यासाठी आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती चर्च म्हटले. चर्चमध्ये आपण कोणाला दारातून परत पाठवत नाही. मग घरगुती चर्चमध्ये तरी जन्मदात्रीला जागा नसावी का? मनुष्याच्या पुत्राला डोके टेकायला जागा नव्हती. तोच प्रभू आपल्या पित्याच्या घरात आपल्यासाठी जागा तयार करायला पुढे गेला आहे. तिथे आपल्याला खरेदीखत लागणार नाही. पण इथल्या घरात आपण कोणाला जागा दिली, हे तो नक्की विचारील.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने, घर नवे असो की जुने, भाड्याचे असो की मालकीचे, एक गोष्ट करावी. रात्री जेवणानंतर टीव्ही बंद करून सर्वांनी एकत्र बसावे आणि विचारावे, आपल्या घरात कोणाची जागा राहून गेली आहे? आईची, बहिणीची, भांडलेल्या भावाची, शेजाऱ्याची? नाव आठवले की दुसऱ्या दिवशी त्याला फोन करावा. मग ही प्रार्थना म्हणावी :

हे प्रभू येशू, नासरेथच्या साध्या घरात तू मरिया माता आणि संत योसेफ यांच्यासोबत राहिलास. आमच्या या घरात ये. आमच्या कष्टाची भाकर गोड कर. हप्ता भरण्याचे बळ दे आणि कोणाचे देणे बुडवण्याची बुद्धी देऊ नकोस. आमचा राग उंबरठ्याबाहेर राहू दे. आमच्या म्हाताऱ्या माणसांना इथे मान मिळू दे, लेकरांना इथे भीती वाटू नये, आणि दार वाजवणारा कोणीही रिकाम्या हाताने परत जाऊ नये. हे घर आमच्या नावावर आहे, पण ते तुझे आहे. आमेन.